कागदावरचे कारण आणि खरे कारण

जव्हारजवळच्या शिरपामाळावर एक स्मारक उभे आहे. १६६४ च्या सुरत स्वारीच्या वाटेवर छत्रपती शिवाजी महाराजांचा मुक्काम येथे पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचे स्वागत केले, अशी परंपरा सांगते. त्या भेटीचा अभिमान महाराष्ट्राने जरूर बाळगावा. परंतु याच तालुक्यातील वावर-वांगणीचे नाव मात्र महाराष्ट्राला फारसे आठवत नाही. १९९२-९३ साली तेथे सव्वाशेच्या आसपास आदिवासी बालके दगावल्याचे उघड झाले आणि राज्यभर खळबळ उडाली. पुढे खळबळ शमली. बालमृत्यू शमले नाहीत. २०१६ साली जव्हार-मोखाड्याचे नाव पुन्हा त्याच कारणाने वृत्तपत्रांत झळकले.

अशा प्रत्येक प्रसंगी एक ठरावीक युक्तिवाद पुढे येतो: बालके भुकेने नव्हे, आजाराने मेली. कागदोपत्री हे खरेही असते. नोंदवहीत कोठे न्यूमोनिया, कोठे अतिसार, कोठे जन्मतः कमी वजन असे लिहिलेले असते. ‘भूक’ या शब्दासाठी त्या वहीत रकानाच नाही. परंतु ज्या जुलाबातून धडधाकट मूल चार दिवसांत उठते, त्याच जुलाबाने खंगलेले मूल दगावते. आजार बालकाची भूक मारतो आणि उपासमार पुढच्या आजाराला दार उघडून देते. जगात पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूंपैकी सुमारे निम्म्यांमागे कुपोषणाचा हात असतो, हे आता जागतिक आरोग्य संघटनाही मान्य करते. तेव्हा आजार की भूक, हा वाद शास्त्राचा नाही. तो जबाबदारी टाळण्याचा आहे.

खरे कारण शोधायचे तर पाड्यावरचे वर्ष पाहिले पाहिजे. डोंगरउतारावर पिकलेली नागली आणि वरई वर्षभर पुरत नाही. ऐन पावसाळ्यात, शेतीची कष्टाची कामे अंगावर असताना, कणगी रिकामी होते. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. मुलाचे नाव अंगणवाडीच्या वहीत राहते. मूल भट्टीच्या धुरात असते. कमी वयात लग्न झालेली, रक्त कमी असलेली आई सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत राबते आणि तिचे बाळ जन्मतःच दुबळे निघते. मोखाड्याच्या परिसरात मध्य वैतरणेचे धरण उभे राहिले आणि त्याचे पाणी मुंबईला गेले. मोखाड्याचे पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. २०२२ च्या ऑगस्टात मोखाडा तालुक्यातील बोटोशीजवळच्या मरकटवाडीत अकाली जन्मलेली जुळी बालके दगावली. रस्ता नसल्याने त्यांच्या मातेला डोलीत घालून डोंगर ओलांडावा लागला. देश त्याच महिन्यात स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव साजरा करीत होता. या मृत्यूंचे कारण कोणत्या रकान्यात लिहावयाचे?

येथे समाजवादी कार्यकर्त्याने स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. दारिद्र्य हेच मूळ कारण असल्याने व्यवस्था बदलल्याखेरीज बालमृत्यू थांबणार नाहीत, असे म्हणणे सोपे आहे. पण ते पुरते खरे नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महलानबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्याने पटकीचे हजारो रुग्ण वाचविले. ते निर्वासित त्या पाण्याने श्रीमंत झाले नव्हते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरोघर काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आणले. १९९० साली जगात पाच वर्षांखालील सुमारे सव्वा कोटी बालके दगावत होती. २०२२ साली हा आकडा ४९ लाखांवर आला. जग तेवढ्या काळात समतेचे झाले नाही, तरी कोट्यवधी बालके वाचली. आज मरणाऱ्या बालकाला उद्याच्या क्रांतीचे आश्वासन देऊन चालत नाही.

पण हेच सत्य दुसऱ्या बाजूनेही वाचावे लागते. उपाय स्वस्त आहे, ठाऊक आहे, सिद्ध झालेला आहे; तरीही तो शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचत नाही. मग उणीव ज्ञानाची नाही, सत्तेची आहे. २०२० सालच्या सरकारी पाहणीत हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू केरळात ६ होते आणि मध्य प्रदेशात ४३. देश एक, औषधे तीच. केरळात फरक पडला तो स्त्रीशिक्षणाने, जमीनसुधारणांनी, सार्वजनिक आरोग्यसेवेने आणि दवाखाना बंद दिसताच जाब विचारणाऱ्या जागृत जनतेने. १९७८ च्या आल्माआटा परिषदेने २००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य देण्याची घोषणा केली होती. ती विरली, कारण घोषणेमागे उभी राहणारी अशी जनशक्ती बहुतेक देशांत नव्हती.

ती शक्ती पाड्यापाड्यांतून उभी करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. गावातील प्रत्येक बालमृत्यूची नोंद ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी आणि वहीतल्या कारणामागचे कारण सभेने नोंदवावे. अंगणवाडीतला वजनकाटा चालतो की नाही आणि अमृत आहाराचे पैसे वेळेवर आले की नाही, हे गावाने तपासावे. स्थलांतरित बालकाचा आहार त्याच्यामागे वीटभट्टीपर्यंत जावा आणि भट्टीमालकाने त्यासाठी जागा द्यावी. दिवाळीच्या आधीच गावात काम सुरू व्हावे. कामाच्या हक्काला १९७७ साली कायद्याचे रूप देणाऱ्या महाराष्ट्राला ही मागणी नवी नाही. डिसेंबर २०२३ मध्ये संपावर गेलेल्या अंगणवाडी सेविका केवळ स्वतःच्या मानधनासाठी लढत नव्हत्या. अर्धपोटी सेविकेच्या हातून पाड्यावरच्या बालकाला पोटभर अन्न मिळावे, अशी अपेक्षा कोणी धरू नये.

शिरपामाळावर राजाच्या स्वागताची आठवण जपलेली आहे. त्या माळाच्या आसपास जन्मणाऱ्या बालकाचे स्वागत हा महाराष्ट्र कसे करतो, यावरून त्या अभिमानाची किंमत ठरेल.