हिरवं कर्ज आणि आमची ठिबक

आमच्या आष्टीकडं पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे ठिबकच्या अनुदानाचं कौतुक फार. पण यातली एक गंमत सांगतो. अनुदान मिळतं ते किती क्षेत्रावर ठिबक बसवली यावर. विहिरीतलं पाणी किती वाचलं, हे कोणी विचारत नाही. मग होतं काय, की पाणी उरलं म्हणून माणूस आणखी दोन एकर भिजवतो. त्याला चार पैसे जास्त मिळतात, त्यात त्याचं चूक काहीच नाही. पण विहीर उन्हाळ्यात तळ गाठायची ती गाठतेच!

हे आठवलं पिंपरी-चिंचवडमुळे. जून २०२५ मध्ये इथल्या महापालिकेनं २०० कोटींचे हरित कर्जरोखे काढले. महाराष्ट्रातल्या महापालिकांमधले हे पहिलेच. व्याज ७.८५ टक्के, शिवाय केंद्राकडून २० कोटींचं प्रोत्साहन. पैसा जाणार हरित सेतू आणि टेल्को रोडच्या कामाला, म्हणजे थोडक्यात चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी नीट रस्ते. कल्पना मला मनापासून आवडली. कर्ज काढायचं तर पतमानांकन लागतं, हिशेब उघडा करावा लागतो. अनुदानाच्या पैशाला ही शिस्त नसते.

पण इथंही ठिबकचाच घोळ होऊ शकतो. सेबीचा नियम असा, की हरित रोख्यांचा पैसा कुठं गेला हे सांगायचं, आणि पर्यावरणावरचा परिणाम 'शक्य असेल तिथं' आकड्यांत द्यायचा. सगळी मेख या 'शक्य असेल तिथं'मध्ये आहे. किलोमीटर मोजणं नेहमीच शक्य असतं, धूर मोजणं मात्र अवघड. आपल्याकडे नाही का, टिकेट 'क्लोज्ड' होतं आणि युजरची अडचण तशीच राहते!

समजा उत्तम सायकल ट्रॅक झाला, आणि त्याच रस्त्यावर गाड्यांचं पार्किंग फुकटच राहिलं. तर लोक गाडी कशाला सोडतील? उलट थोडेफार लोक सायकलवर गेल्यानं जी जागा मोकळी होईल ती नव्या गाड्या भरून काढतील. म्हणजे उरलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर. कागदावर प्रकल्प हिरवा, आणि नाकाला धूळ-धूर तेवढाच.

म्हणून मला वाटतं, स्वस्त पैसा आणि प्रोत्साहन निकालाला बांधायला हवं. काम सुरू होण्याआधी त्या रस्त्यावर किती गाड्या, किती सायकली, हवेत पीएम २.५ किती, हे मोजून जाहीर करा. दोन वर्षांनी पुन्हा मोजा. प्रोत्साहनाचा निम्मा हप्ता तेव्हा द्या. सोबत पार्किंगला पैसे लावा, बस वाढवा. नुसतं कर्ज हिरवं असून भागत नाही.

शेवटी हे कर्ज फेडणार आपणच, घरपट्टीतून. त्यात आष्टी-पाटोद्याहून पोटासाठी इथं आलेले आणि दोन तास धुरात दुचाकी चालवणारेही आले. पाईप किती टाकला ते त्यांना नका सांगू. विहिरीत पाणी किती राहिलं, तेवढं सांगा.