'शुभ-लाभा'तील लाभ आणि पौलाची वही

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी बल्लारपूरच्या पेठेतून कीर्तनाला जाताना नव्या वह्यांवर कुंकवाने लिहिलेले 'शुभ' आणि 'लाभ' हे शब्द आम्ही कित्येक वर्षे पाहत आलो आहोत. कागद गिरणी, कोळशाच्या खाणी आणि सागवानाचे लिलाव यांवर पोसलेल्या या गावाला लाभ म्हणजे काय हे कीर्तनकाराने शिकवावे लागत नाही. गेल्या दिवाळीत मात्र निरूपणानंतर एका ख्रिस्ती श्रोत्याने विचारले, "महाराज, आमच्या शास्त्रात पौलाने मरणाला लाभ म्हटले आहे. तेथे मोक्ष असा अर्थ घ्यावा काय?"

घेऊ नये, असे आमचे मत आहे. पौलाने बंदिवासातून फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात मूळ ग्रीक शब्द आहे 'केर्दोस'. हा निखळ पेठेतला शब्द. व्यापाराचा देव हर्मिस याला याच शब्दावरून विशेषण मिळाले. होमरच्या काव्यात तर त्याच्या अनेकवचनाला कावेबाजपणाचाही वास आहे. अशा शब्दाला 'मोक्षा'चे सोवळे नेसवले की पौलाचे म्हणणेच हरवते. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो जणू वहीच उघडतो. कुल, वंश, शास्त्रनिष्ठा, आचारशुद्धी या जमेच्या रकमा एकेक वाचतो आणि साऱ्या नावे टाकतो. मुळात 'लाभ' अनेकवचनी आहे, 'हानी' एकवचनी! व्याकरणात आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्याला या वचनभेदाचे कौतुक वाटते; पण त्या यादीत आमचीही जमा आली, हे ध्यानी येताच कौतुक थोडे ओसरते. गीतेच्या सहाव्या अध्यायातही आत्मसुखासाठी 'लाभ' हाच व्यवहारातला शब्द आहे.

पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडणाऱ्या अनंतशास्त्री डोंगरे यांची कन्या पंडिता रमाबाई. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी जिच्या संस्कृतापुढे मान तुकविली, तिने पुढे केडगावी हिब्रू व ग्रीक अभ्यासून बायबल मराठीत आणले. 1922 मध्ये देह ठेवण्यापूर्वी काम पुरे केले. तेही साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. संस्कृतप्रचुर भाषा तिने हेतुतः टाळली. तिच्या धर्मांतराविषयी कोणाचे काहीही मत असो, हा त्याग पंडितांनी तरी ओळखावा.

नव्या करारात हे नाम तिसऱ्यांदा येते ते तीताच्या पत्रात, आणि तेथे ते निंद्य आहे: पैशासाठी नको ते शिकवून घरेच्या घरे बिघडविणाऱ्यांविषयी. येथे आम्हां कीर्तनकारांनी कान टवकारावेत. तुकोबांनी तर कीर्तनाच्या ठिकाणी अन्नही घेऊ नये असे बजावले आहे. आमच्यातील काही जण बिदागी आधी ठरवून मगच वीणेला हात लावतात. आम्ही ठरवीत नाही, पण घेतो.

त्या रात्रीही यजमानांचे पाकीट आम्ही परत केले नाही. पाडव्याला वही उघडून ती रक्कम जमेस लिहिताना लेखणी क्षणभर अडखळली, एवढे खरे.