नसलेले चिंचोके कुठून काढायचे?

−३ − २ = +५.

सहावी-सातवीच्या वह्यांत हे उत्तर मला दर वर्षी भेटतं. शेजारी समासात कारणही लिहिलेलं असतं : ‘दो माइनस, प्लस’. लिहिणारं मूल आळशी नसतं, बेफिकीरही नसतं. त्याला एक नियम दिला होता आणि त्याने तो मन लावून पाळला. तीन रुपये उधारी असलेल्याने आणखी दोन रुपये उधार घेतले आणि त्याच्या गाठीला पाच रुपये जमले, असं आपण लिहितो आहोत, हे त्याच्या ध्यानात येत नाही. त्या चिन्हांच्या मागे काही आहे, हे त्याला कधी कुणी दाखवलेलंच नसतं.

रायपुरात गणित शिकवताना मी धन-ऋण संख्यांसाठी चिंचोके, खडूच्या रेघा आणि दोरखंड वर्गात आणते. त्यावरून पालकसभेत आणि शिक्षकांच्या खोलीत मला जे ऐकावं लागतं, त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यावं म्हणून हा लेख. आक्षेप घेणारी माणसं मुलांच्या भल्याचंच बोलतात, याबद्दल मला शंका नाही. त्यांचं म्हणणं असं : नियम चार ओळींचा आहे, तो पाठ करून घ्या आणि पन्नास उदाहरणं सोडवा. खेळात तासिका वाया जातात. खेळ लहान मुलांसाठी ठीक, सहावीतलं मूल मोठं झालं. आणि सगळ्यात वजनदार मुद्दा : ऋण गुणिले ऋण धन का, हे कोणताही खेळ दाखवू शकत नाही. मग शेवटी नियमच सांगायचा, तर आधी हा पसारा कशाला?

वेळेचा मुद्दा मी फार ताणत नाही. चिंचोक्यांना आणि व्हरांड्यातल्या रेघांना मिळून सहा तासिका लागतात. नियम सांगायला एक पुरते हे खरं, पण तोच नियम पुढे सातवीत, आठवीत, बीजगणितात कंस सोडवताना आणि अकरावीच्या शिकवणीत पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. त्या तासिका कुणी मोजत नाही.

‘खेळ लहानांसाठी’ हे मात्र मला मुळातूनच अमान्य आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर एनसीईआरटीने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ काढला. खेळणी, कोडी, चित्रपत्ते असलेला हा संच ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्या वयात मूल पाच पेरू मोजतं. पेरू हातात धरता येतो, मोजायला वेगळं खेळणं नसलं तरी अडत नाही. ऋण संख्या येते अकराव्या वर्षी, आणि उणे तीन पेरू कुणालाच हातात धरता येत नाहीत. म्हणजे वस्तूचा आधार जिथे सर्वांत जास्त हवा, नेमका तिथेच आपण तो काढून घेतो.

पाठांतराच्या बाजूने परंपरेचा दाखलाही दिला जातो. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन, ऋण आणि शून्य यांचे नियम सांगितले, ऋण-ऋणाचा गुणाकार धन हेही त्यात आहे, आणि पिढ्यांनी ते मुखोद्गत केले. दाखला खरा आहे, पण तो अर्धाच वाचला जातो. ब्रह्मगुप्ताने नुसती चिन्हं दिली नाहीत, धन आणि ऋण असे व्यवहारातले शब्द दिले. त्यापुढचं तर आपल्याच भास्कराचार्यांकडे आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने मठ काढल्याची नोंद आहे, तेच हे भास्कराचार्य. त्यांच्या बीजगणितात माकडांच्या कळपाचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली आणि एक बाहेर दिसतं आहे. तर कळप केवढा? उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पाच हे उत्तरही गणिताने बरोबर बसतं : पाचव्या भागाचं एक, त्यातून तीन गेले की उणे दोन, त्याचा वर्ग चार, आणि बाहेरचं एक धरून पाच. तरीही भास्कराचार्यांनी ते नाकारलं. उणे दोन माकडांवर लोकांचा विश्वास बसत नाही, असं त्यांचं कारण.

आता त्यांचीच लीलावती उघडा. त्रिकोणाच्या दोन बाजू १० आणि १७, पाया ९. शिरोबिंदूतून लंब टाकला की पायाचे दोन खंड येतात १५ आणि उणे ६. इथे त्यांनी ऋण उत्तर टाकून दिलं नाही. ते विरुद्ध दिशेला आहे, एवढं सांगून स्वीकारलं. मुलांकडून ही आकृती काढून घ्या : लंब पायाच्या बाहेर सहा एककांवर पडतो, उंची बरोबर आठ येते, सगळं जुळतं. माणूस एकच, संख्या दोन्हीकडे ऋणच. माकडांत ती त्यांना निरर्थक वाटली आणि रेषेवर अर्थपूर्ण, कारण रेषेवर तिला दिशा मिळाली. भास्कराचार्यांना उणे सहा पटायला रेषा लागली, मग अकरा वर्षांच्या मुलाला खडूची रेघ काढून दिली तर त्यात पोरखेळ कसला?

माझ्या वर्गाची रेघ व्हरांड्यात आहे. मधोमध रायपूर, म्हणजे शून्य. एका बाजूला मांढर, सिलयारी, तिल्दा, भाटापारा, बिलासपूर. दुसऱ्या बाजूला सरोना, कुम्हारी, भिलाई, दुर्ग, राजनांदगाव. सगळी स्टेशनं घेतली नाहीत, दोन्हीकडे पाच-पाचच निवडली. बिलासपूरची बाजू धन, दुर्गची ऋण. मूल एका स्टेशनात उभं राहतं, चिठ्ठी उचलतं, चिठ्ठीवरच्या आकड्याप्रमाणे सरकतं. पाठ्यपुस्तकं ऋण संख्येसाठी तापमापक दाखवतात, पण रायपूरच्या मुलाने शून्याखालचं तापमान कधी अनुभवलेलं नसतं. मैनपाटला थंडीत कधी दव गोठतं, ते त्याने फार तर ऐकलेलं असतं. हावडा-मुंबई मार्ग मात्र त्याच्या पायाखालचा असतो. तात्यापाऱ्यातलं मराठी घरातलं मूल तर दिवाळीला नागपूरला जाताना ही स्टेशनं खिडकीतून मोजत गेलेलं असतं.

त्या रेघेवर −३ − २ उभं करा. मूल भिलाईला आहे, म्हणजे उणे तीनवर. त्याच दिशेने आणखी दोन जायचं. ते राजनांदगावला पोहोचतं. +५ म्हणजे बिलासपूर! भिलाईहून नागपूरच्या दिशेने निघालेली गाडी बिलासपूरला कशी लागेल, हे अख्खा वर्ग ओरडून विचारतो. मला चुकीवर लाल रेघ ओढावी लागत नाही.

इथे भाषेबद्दल थोडं बोलायला हवं. वर्गात सगळ्याला एकच शब्द आहे, ‘माइनस’. मराठीत उणे, वजा आणि ऋण असे तीन आहेत. भिलाईला उभं असणं हे ‘उणे तीन’, ती झाली स्थिती. मुठीतले दोन काढून ठेवणं हे ‘वजा दोन’, ती झाली क्रिया. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले रुची कुमार, के. सुब्रमण्यम आणि श्वेता नाईक यांनी शिक्षकांबरोबर याच प्रश्नावर काम केलं आहे. पूर्णांक कधी स्थिती दाखवतो, कधी बदल, कधी दोन गोष्टींमधला संबंध, हे शिक्षकाला वेगवेगळं दिसणं त्यात कळीचं मानलं आहे. आपल्या घरच्या बोलीत हा फरक आयता आहे. मराठी मुलांना मी तो मुद्दाम आठवून देते, आणि हिंदी-छत्तीसगढी बोलणारी मुलं चार दिवसांत ‘उणे’ उचलतात.

आता एक कबुली. सुरुवातीला मी बिल्लसच्या चौकटी आखून, त्यांत धन-ऋण आकडे घालून दोन दिवस मुलांना उड्या मारायला लावल्या होत्या. बिल्लस इथल्या मुलींच्या अंगवळणी पडलेला खेळ, २०२२ च्या छत्तीसगढिया ऑलिम्पिकमध्येही तो होता. मुलं खूश होती, मीही होते. तिसऱ्या दिवशी चाचणीत तेच, −३ − २ = +५. खेळ खेळच राहतो, गणितात उतरत नाही, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा त्या दिवशी माझ्याबाबतीत खरा ठरला. चूक माझी होती. एकाही उडीनंतर मी मुलांना ती उडी लिहायला लावली नव्हती. आता प्रत्येक चाल आधी तोंडाने सांगायची, मग पायाने करायची, मग वहीत चिन्हांनी लिहायची, असा दंडक आहे. आणि ज्या खेळात चूक झाली तरी खेळ तसाच पुढे चालू राहतो, तो खेळ मी वर्गात आणत नाही. दुकानात मिळणारे रंगीत पट बरेचसे या कसोटीवर पडतात.

राहिला गुणाकार. त्याआधी वजाबाकी नीट लागते, आणि तिच्यासाठी चिंचोके. चिंचेला इथे अमली म्हणतात, बिया कुठेही मिळतात. दगडावर घासून एक बाजू पांढरी करायची. काळी बाजू वर असली की अधिक एक, पांढरी वर असली की उणे एक. एक काळा आणि एक पांढरा शेजारी आले की त्यांची जोडी शून्य. मुलं ही जोडी दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवतात, मोठ्या समाधानाने.

एके दिवशी फळ्यावर ३ − (−२) लिहिलं. फडक्यावर तीन काळे चिंचोके, त्यांतून दोन पांढरे काढायचे. पुढच्या बाकावरच्या मुलीने फडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मॅडम, नइ हे त कहां ले निकालबो?” नाहीतच, तर काढायचे कुठून?

मी काही बोलले नाही. नियम सांगितला असता तर हा प्रश्न तिला पडलाच नसता, आणि ऋण संख्येचं सगळं मर्म या प्रश्नात आहे. वर्ग बराच वेळ गप्प होता. मग खिडकीजवळचा एक मुलगा उठला, डब्यातून दोन काळे आणि दोन पांढरे घेतले आणि फडक्यावर ठेवले. “शून्यच ठेवलं,” तो हिंदीत म्हणाला, “काही बदललं नाही.” खरंच काही बदललं नव्हतं, तीनचे तीनच होते. पण आता काढायला दोन पांढरे होते. त्या मुलीने ते उचलले. फडक्यावर पाच काळे उरले. तिने दोनदा मोजले.

याच फडक्यावर गुणाकार होतो, म्हणून ‘खेळ तिथे थकतो’ हे मला मान्य नाही. ३ × (−२) म्हणजे दोन-दोन पांढरे तीनदा ठेवणं : सहा पांढरे. (−३) × (−२) म्हणजे दोन-दोन पांढरे तीनदा काढणं. फडकं रिकामं आहे. मग शून्याच्या सहा जोड्या मांडा, सहा पांढरे काढा, सहा काळे उरतात. यात हातचलाखी काही नाही, ‘गुणिले उणे तीन’ म्हणजे तीनदा काढून घेणं, एवढंच मान्य केलं आहे. पूर्ण सिद्धता ही नव्हे, हेही मी सांगते. ती आठवीत येते : −२ ला ३ + (−३) ने, म्हणजे शून्याने गुणलं की शून्यच आलं पाहिजे; त्यातला एक भाग −६, म्हणून दुसरा +६ असल्याशिवाय गत्यंतर नाही. पण ज्याने चिंचोके काढले आहेत, त्याला ही सिद्धता ओळखीची वाटते. बाकीच्यांना ती आणखी एक पाठ करण्याची गोष्ट होते.

उलट, हा गुणाकार निव्वळ उधारीच्या भाषेत शिकवला तर काय होतं, ते फ्रेंच कादंबरीकार स्तांदालने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. कर्जाला कर्जाने गुणलं तर संपत्ती कशी होते, हा त्याचा शाळकरी प्रश्न होता आणि शिक्षकांकडून त्याला पटेल असं उत्तर मिळालं नाही. गणितावर प्रेम असलेल्या मुलाच्या मनात तिथे अढी बसली. १७५८ मध्ये फ्रान्सिस मासेरेस या इंग्रज कायदेपंडिताने तर ऋण संख्या बीजगणितातून हद्दपार कराव्यात म्हणून ग्रंथच लिहिला. शिकल्यासवरल्या प्रौढांना जे पटायला इतकं जड गेलं, ते अकरा वर्षांच्या मुलाने चार ओळींवरून मानावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

‘पुढे नीट आहे, जेईई आहे, तिथे चिंचोके चालणार नाहीत,’ असं एक पालक कळकळीने म्हणाले. मी त्यांना नीटचीच गुणपद्धत विचारली. बरोबर उत्तराला चार, चुकीच्याला उणे एक. मग विचारलं, तुमच्या मुलीचा एक चुकीचा धरलेला प्रश्न रद्द झाला, गुण द्यायचे नाहीत आणि कापायचेही नाहीत असं ठरलं, तर तिच्या गुणांचं काय होईल? “एकने वाढतील,” ते लगेच म्हणाले. उणे एक काढून घेतलं आणि एक वाढला. हे त्यांना कुठल्याही नियमाशिवाय कळलं, कारण त्या आकड्यांत त्यांचा जीव गुंतलेला होता. मुलांचा जीव गुंतावा म्हणून मी व्हरांड्यात स्टेशनं काढते.

सहकाऱ्यांना माझं मागणं मोजकं आहे. नियम जरूर द्या, पाठही करून घ्या, पण सहा तासिका झाल्यावर, आणि शक्यतो मुलांच्या तोंडून निघाल्यावर. उदाहरणं पन्नासच्या जागी तीस द्या. चिंचोके फुकट मिळतात.

गेल्या चाचणीत एक वही तपासत होते. प्रश्न तोच, −३ − २. मुलाने आधी + लिहून खोडलं होतं. त्याच्या पुढे बारीक अक्षरात ‘राजनांदगांव’, आणि त्यानंतर, ठळक, −५.