साहेब गणपतीला गेलेत, आता मंजुरी कोण देणार?

मंडळी, या वीकेंडला थोडं हापिसातलं. कंटाळा येणार नाही अशी आशा आहे.

ईमेलवरून मंजुरी घेणारी सॉफ्टवेअर्स हल्ली जिकडेतिकडे आहेत. रजा हवीय, लॅपटॉप हवाय, कँटीनवाल्याचं बिल द्यायचंय... फॉर्म भरा, साहेबांना मेल जाते, मेलमध्ये दोन बटणं: 'मंजूर' आणि 'नामंजूर'. साहेब मोबाईलवर टिचकी मारतात, काम पुढे सरकतं. डेमोत हे इतकं गोड दिसतं की टेस्टिंगसाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट मागितलं की हमखास ऐकायला मिळतं, "अरे, मेलच तर पाठवायचीय!"

माझं मत नेमकं इथे वेगळं आहे. मेल पाठवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. तपासायची असते ती माणसाची संमती. जुन्या कचेरीत बारनिशीत नोंद व्हायची, टिपणी लिहिली जायची, साहेब शेरा मारून सही करायचे. फाइल महिनाभर अडकायची हे खरं, पण ती आपणहून उठून भलत्याच माणसाच्या घरी जायची नाही, आणि साहेबांनी हात न लावता तिच्यावर सही उमटायची नाही. ईमेलमध्ये या दोन्ही गोष्टी होऊ शकतात.

आधी पहिली. टेस्टिंगसाठी आपण खऱ्या डेटाबेसची कॉपी उतरवतो, आणि तिच्यात खऱ्या माणसांचे खरे पत्ते असतात. जून २०२१ मध्ये एचबीओ मॅक्सच्या ग्राहकांना 'इंटिग्रेशन टेस्ट ईमेल #१' अशा विषयाची मेल चुकून गेली होती, आठवतंय? आत एक ओळ मजकूर होता, त्यामुळे जग हसलं आणि विसरलं. मंजुरीच्या मेलमध्ये मात्र चालू बटण असतं. लाखभराच्या खोट्या बिलावर खऱ्या साहेबांनी 'मंजूर' दाबलं तर हसायला कोणी उरणार नाही.

यावर बहुतेक ठिकाणी उपाय म्हणजे कोडमध्ये एक अट: टेस्ट असेल तर मेल पाठवू नकोस. मला हे पटत नाही. अट कोणीतरी कधीतरी विसरतोच. त्यापेक्षा टेस्ट सर्व्हरला बाहेर जायचा रस्ताच ठेवू नका. मेलपिट किंवा मेलहॉगसारखा खोटा मेल सर्व्हर लावा. १०२५ पोर्टवर तो मेल झेलतो आणि ८०२५ वर ब्राउझरमध्ये दाखवतो. बाहेरचे २५, ४६५ आणि ५८७ हे पोर्ट फायरवॉलवर बंद करा. डेटा उतरवतानाच सगळे पत्ते 'डॉट टेस्ट' किंवा 'डॉट इन्व्हॅलिड'वर वळवा. ही नावं अशाच कामासाठी आरएफसी २६०६ ने १९९९ सालीच राखून ठेवलीत. 'टेस्ट डॉट कॉम' वापरू नका, ते खरोखर कोणाचं तरी आहे!

पण खोट्या सर्व्हरवर भागत नाही. तो सहसा सगळं निमूट स्वीकारतो, बाहेरचं जग तसं नाही. म्हणून दुसरा थर हवा: वेगळं डोमेन, आपल्याच ताब्यातले आठ-दहा मेलबॉक्स, आणि त्यांच्याखेरीज कोणालाच मेल जाणार नाही अशी यादी.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त भीतीदायक वाटते. कंपन्यांचे सिक्युरिटी फिल्टर आलेल्या मेलमधल्या लिंक माणसाच्या आधी स्वतः उघडून बघतात. लिंक नुसती उघडल्यावर मंजुरी पडत असेल, तर साहेब झोपेत असताना बिल मंजूर! लॉगमध्ये मात्र साहेबांचंच नाव. आपल्याकडे २००० च्या आयटी कायद्यापासून इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायदेशीर मान्यता आहे. उद्या चौकशी झाली तर बिचाऱ्याने काय सांगायचं?

उपाय जुनाच आहे. एचटीटीपीमध्ये 'गेट'ने फक्त बघायचं, काही बदलायचं नाही. लिंकने पान उघडावं, तिथे लॉगिन करून माणसाने बटण दाबावं, आणि ते बटण 'पोस्ट'ने जावं. टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये एक छोटा बॉट ठेवा, जो आलेल्या प्रत्येक मेलमधली प्रत्येक लिंक उघडेल. त्यानंतरही सगळे अर्ज प्रलंबितच दिसले पाहिजेत. एकही मंजूर झाला, तर रिलीज थांबवा.

मेलला उत्तर देऊन मंजुरी घेत असाल तर मजा अजून वाढते. "ओके, पण पंचवीस हजारांच्या वर नको" याला काय समजायचं? उत्तराखाली मूळ मेल चिकटलेली असते, तिच्यातही 'मंजूर' हा शब्द असतोच. शिवाय 'मी रजेवर आहे' अशी आपोआप येणारी उत्तरं. त्यांच्यावर 'ऑटो-सबमिटेड' असं हेडर असावं हे आरएफसी ३८३४ ने २००४ मध्ये सांगितलंय, पण सगळेच ते लावतात असं नाही. अशी पन्नासेक वेडीवाकडी उत्तरं जमवून ठेवा. स्पष्ट कळलं नाही तर मंजुरी नाही, उलट विचारायचं, हा माझा नियम.

आणि शेवटी, आमच्या रत्नागिरीची खास केस. साहेब गणपतीला गेलेत. तीन दिवसांनी त्यांना आठवण जाते, पाच दिवसांनी अर्ज त्यांच्या बदलीच्या माणसाकडे. तोही गणपतीलाच! त्याच्या वरच्याने नोकरी सोडलीय, मेलबॉक्स बंद. इकडे कँटीनवाल्याचं बिल हवेत लटकलेलं, आणि सण त्याच्याही घरी आहे. हे तपासायला कोणी पाच दिवस थांबत नाही, म्हणून ते तपासलंच जात नाही. टेस्ट एन्व्हायर्नमेंटचं घड्याळ पुढे ढकलता आलं पाहिजे, रजेवरची आणि सोडून गेलेली माणसंही त्यात हवीत. 'मुदत संपली की आपोआप मंजूर' हा शॉर्टकट तर मुळीच नको. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं नव्हे. रस्ता संपला की अर्ज एखाद्या जिवंत माणसाच्या टेबलावर दिसला पाहिजे, आणि अर्जदाराला तो कुठे आहे ते कळलं पाहिजे.

वेळ जातो, मान्य. पण खोटा मेल सर्व्हर उभा करायला एक दुपार पुरते. बाकीचं काम कोडचं कमी आणि विचाराचं जास्त आहे, म्हणूनच ते टाळलं जातं.

असो. सोमवारी हापिसात गेलात की एवढंच करा: तुमच्या टेस्ट सर्व्हरच्या सेटिंगमध्ये मेल सर्व्हरचा पत्ता कोणता आहे ते बघा. तो खरा असेल, तर चहा नंतर घ्या.