पिनअप स्पर्धेत पहिल्यांदाच उतरताय? ड्रेसआधी नियम वाचा!

लालभडक लिपस्टिक, कपाळाच्या वर गुंडाळून बसवलेले केस, घेरदार पोलका डॉट ड्रेस आणि मागे चकाकणारी जुनी शेव्हरोले. असं एखादं रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल. सिनेमातलं दृश्य वाटावं असं हे सगळं अनेकदा एखाद्या पिनअप स्पर्धेत शूट झालेलं असतं. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांना जोडून अशा स्पर्धा होतात. लास वेगासमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या 'व्हिवा लास वेगास' या रॉकाबिली महोत्सवातली स्पर्धा त्यातली सगळ्यात नावाजलेली. पण नवख्या मुली बहुतेकदा सुरुवात करतात ती गावातल्या एखाद्या मैदानावर किंवा पार्किंगमध्ये उभारलेल्या छोट्या स्टेजवरून.

या स्पर्धक व्यावसायिक मॉडेल असतातच असं नाही. नोकरी करणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या बायकाही हौसेने उतरतात. बऱ्याच ठिकाणी उंची-वजनाची अट नसते आणि टॅटूही चालतात. त्यामुळे 'आपणही करून पाहू' असं वाटणं साहजिक आहे. अडचण त्यानंतर सुरू होते.

पिनअप म्हणजे नेमकं काय?

भिंतीवर टाचणीने लावायचं चित्र, एवढाच या शब्दाचा मूळ अर्थ. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या बराकीत अशी चित्रं लावलेली असायची. बेटी ग्रेबलचा १९४३चा, खांद्यावरून मागे वळून पाहणारा फोटो त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. गिल एल्व्हग्रेनसारख्या चित्रकारांनी हीच शैली कॅलेंडरांवर नेली. याचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. प्रभातच्या 'चांद' (१९४४) मधून पडद्यावर आलेल्या बेगम पारा यांचे फोटो १९५१ साली जेम्स बर्क यांनी 'लाइफ'साठी काढले होते आणि तेव्हा त्यांची बरीच चर्चा झाली होती.

या परंपरेची दुसरी बाजूही आहे. तेव्हाच्या मुख्य प्रवाहातल्या पिनअप चित्रांमध्ये कृष्णवर्णीय स्त्रिया जवळपास नव्हत्याच. म्हणूनच 'कपडे जुने, विचार नाही' असं आज अनेक स्पर्धक आवर्जून सांगतात.

चाळीस की पन्नास?

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे दोन दशकांची खिचडी. १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने कपड्यांना किती कापड वापरायचं यावर बंधनं आणली. त्यामुळे चाळीसच्या सुरुवातीचे ड्रेस आटोपशीर, गुडघ्याच्या आसपास संपणारे आणि खांद्याला पॅड असलेले दिसतात. १९४७ मध्ये ख्रिश्चन डिओरने पॅरिसमध्ये 'न्यू लूक' आणला आणि बारीक कंबर, भरपूर घेर हे चित्र रूढ झालं. युद्धकाळात नायलॉन पॅराशूटसाठी वळवलं गेलं, तेव्हा बायका पोटरीवर पेन्सिलने रेघ ओढून स्टॉकिंग घातल्याचा आभास निर्माण करायच्या. असा एखादा तपशील माहीत असेल, तर परीक्षकांच्या प्रश्नाला 'मला जुना काळ आवडतो' यापेक्षा बरं उत्तर देता येतं.

अस्सल जुना ड्रेस हवाच असं नाही. नव्याने शिवलेला बऱ्याच ठिकाणी चालतो आणि पहिल्या वेळी तोच बरा. सत्तर वर्षांपूर्वीचा धागा उन्हात, घामात, ऐन स्टेजवर उसवू शकतो. केसांची तालीम मात्र आधी दोन-तीनदा करावीच लागते. रात्री रोलर लावून झोपायचं आणि सकाळी विंचरून वळण द्यायचं, हे व्हिडिओत सोपं दिसतं आणि पहिल्यांदा हमखास फसतं.

स्टेजवर मिळतो जेमतेम मिनिटभर. तुमची ओळख निवेदक वाचणार असतो, त्यामुळे ती तीन-चार वाक्यांत, मोठ्याने वाचून पाहून लिहिलेली बरी. गवतावर टोकदार टाचा रुततात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मालकाला विचारल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, बॉनेटवर बसणं तर दूरच. पट्ट्याच्या बक्कलने रंगावर ओरखडा उमटला, तर किताबाऐवजी भांडण पदरी पडेल.

मतं विकत घेतली तर?

खरा धोका आता मैदानापेक्षा मोबाइलवर आहे. काही ऑनलाइन स्पर्धांत रोज एक मत मोफत मिळतं आणि पुढची मतं पैसे देऊन घ्यावी लागतात. स्पर्धक लिंक नातेवाइकांना आणि ऑफिसच्या ग्रुपवर पाठवते. फेरी संपत आली की 'तू दुसऱ्या क्रमांकावर आहेस' असा मेसेज येतो आणि मग स्वतःच्या कार्डावरूनही मतं घेतली जातात. एका डॉलरला एक मत धरलं, तर वर जायला पाचशे मतं कमी पडणं म्हणजे पाचशे डॉलर. एवढ्यात चांगला ड्रेस, बूट आणि फोटोशूटही होऊ शकतं. शिवाय समोरचीनेही तितकेच घातले, तर हे पैसे गेलेच.

अशी प्रत्येक स्पर्धा फसवी नसते. काही ठिकाणी पैशांचा वाटा खरोखर मदतनिधीला जातो. पण तिथे सौंदर्य किंवा शैलीचा नव्हे, तर ओळखीपाळखीचा आणि खिशाचा कस लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. वाटा नेमका किती, कुणाला आणि बक्षिसाची रक्कम कधी मिळणार, हे नियमांत लिहिलेलं नसेल तर तिथून मागे फिरणंच शहाणपणाचं.

फोटोंचंही तसंच. अमेरिकेत फोटोचा कॉपीराइट साधारणपणे फोटोग्राफरकडे राहतो. भारतात १९५७च्या कायद्यानुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारी व्यक्ती असते. त्यामुळे परदेशातल्या स्पर्धेच्या फॉर्मवर सही करताना 'आमचे फोटो आयोजक कुठेही, कितीही काळ वापरू शकतात' असं एखादं कलम आहे का, ते शोधावं. तो फोटो उद्या कुठल्या जाहिरातीत दिसेल, हे तुमच्या हातात राहत नाही.

जिंकल्यावरही खर्च थांबतोच असं नाही. अनेक ठिकाणी विजेतीने वर्षभर आयोजकांच्या कार्यक्रमांना, मदतनिधीच्या उपक्रमांना हजर राहावं अशी अपेक्षा असते. त्याचा प्रवासखर्च कोण देणार, हे फॉर्म भरण्याआधी एक ईमेल करून विचारता येतं.