आधी रिकामा रॉड

भोसरी, चिखली, मोशी आणि चाकण इथल्या जिमचे वेळापत्रक कारखान्यांच्या पाळ्या ठरवतात. कोणी पहाटे कंपनीची बस येण्याआधी व्यायाम उरकतो, कोणी दुपारी पहिली पाळी सुटल्यावर येतो, तर कोणी रात्रपाळी संपवून थेट जिममध्ये शिरतो. वेळ मात्र तिघांकडेही मोजकाच असतो. चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी आणि नाशिक महामार्गावरचा प्रवास वजा केला की हातात जेमतेम पाऊण तास उरतो, आणि त्यातून सर्वांत आधी कात्री लागते ती वॉर्म-अपला. दोन-चार वेळा हात फिरवायचे, खांदे झटकायचे आणि थेट गेल्या खेपेच्या वजनाखाली जायचे. या लेखात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. वेळ कमी असेल तर शेवटचे दोन सेट सोडा, पण सुरुवातीचे हलके सेट सोडू नका. आणि ते किती करायचे हे तुमच्या पाळीवरून ठरवा. पहाटे अंथरुणातून उठून आलेले शरीर, आठ तास लाइनवर उभे राहून आलेले शरीर आणि रात्रभर जागलेले शरीर वजन उचलायला सारखेच तयार नसते.

अंग तापते म्हणजे नेमके काय होते, ते आधी पाहू. विश्रांतीत असताना दंड-मांड्यांचे स्नायू शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थोडे थंड असतात. पाच-दहा मिनिटांच्या हालचालीने त्यांच्याकडे रक्त जास्त वाहू लागते आणि तापमान चढते. तापलेला स्नायू लवकर आकुंचन पावतो, मज्जातंतूंचे संदेश वेगाने पोहोचतात, स्नायू आणि कंडरा कमी ताठर राहतात. १९७९ मध्ये बर्ग आणि एकब्लोम या स्वीडिश संशोधकांनी मांडीच्या स्नायूंचे तापमान बदलून मोजमापे घेतली, तेव्हा दर अंशामागे ताकद आणि उडी यांत सुमारे पाच टक्क्यांचा फरक दिसला. ही झाली उष्णतेची बाजू. पण स्क्वॉट मारताना घोटा, गुडघा, खुबा आणि कंबर यांनी एकाच तालात काम करावे लागते, आणि तो ताल जुळायलाही काही आवृत्त्या लागतात. हलक्या वजनाने केलेली तीच हालचाल त्या दिवशीच्या शरीराची तपासणीही करते. खांद्यात चमक आहे किंवा कंबर धरली आहे, हे ४० किलोला कळले तर माणूस थांबतो. तेच ८० किलोला कळले तर बहुधा उशीर झालेला असतो.

या पट्ट्यातल्या वाचकाला हे तत्त्व नवे नाही. सकाळी सीएनसी मशीन सुरू केल्यावर जाणता ऑपरेटर स्पिंडल लगेच पूर्ण वेगाने फिरवत नाही. आधी कमी आरपीएम, मग टप्प्याटप्प्याने वाढ, असा वॉर्म-अप प्रोग्रॅम चालतो. बेअरिंगमधले ग्रीस सगळीकडे पसरते, उष्णतेने स्पिंडल जेवढा वाढायचा तेवढा वाढून स्थिरावतो आणि मगच पहिला जॉब लागतो. मशीन जास्त वेळ बंद असेल तर हा प्रोग्रॅमही जास्त वेळ चालवावा लागतो. यातले दोन मुद्दे शरीराला जसेच्या तसे लागू होतात. तयारी त्याच हालचालीची, पण कमी भारावर करायची, आणि ती किती वेळ करायची हे आधीच्या स्थितीवरून ठरवायचे.

म्हणूनच ट्रेडमिलवर दहा मिनिटे चालणे म्हणजे पुरा वॉर्म-अप नव्हे. त्याने धाप लागते, घाम येतो, पण बेंच प्रेसला लागणारा खांदा होता तसाच राहतो. आधी चार-पाच मिनिटे दोरीवरच्या उड्या किंवा झपझप चालणे, मग त्या दिवशी कामाला लागणारे सांधे पूर्ण कक्षेत फिरवणे, आणि मग रिकामा रॉड, हा क्रम ठेवावा. ऑलिंपिक रॉड नुसताच २० किलोचा असतो. समजा आज ८० किलोचा स्क्वॉट करायचा आहे. रिकाम्या रॉडने दहा, ४० किलोने सहा, ६० किलोने तीन-चार, ७० किलोने एक-दोन आणि त्यानंतर ८०. वजन चढते तशी आवृत्त्यांची संख्या उतरते, कारण इथे तयारी करायची आहे, दमायचे नाही. बरेच जण याच्या जागी भिंतीला धरून एकेक स्नायू ताणत उभे राहतात आणि दुखापत टळली असे समजतात. पुरावा त्यांच्या बाजूने नाही. ऑस्ट्रेलियाच्या लष्करात १,५३८ नव्या सैनिकांवर झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, व्यायामापूर्वी ताण देणाऱ्या आणि न देणाऱ्या गटांतल्या दुखापतींत लक्षणीय फरक आढळला नाही. शिवाय एकच स्नायू मिनिटाहून अधिक काळ स्थिर ताणून ठेवला तर लगेच नंतरची ताकद थोडी घटते. असे ताण वाईट नाहीत, पण त्यांची जागा व्यायामानंतर आहे.

वजन उचलण्याच्या विद्येत जे सर्वांत पुढे गेले ते काय करतात, हेही पाहण्यासारखे आहे. पिंपरी-चिंचवडपासून हाकेच्या अंतरावरच्या वडगाव मावळची हर्षदा गरुड हिने मे २०२२ मध्ये ग्रीसमधल्या हेराक्लिऑनला ज्युनिअर जागतिक भारोत्तोलन स्पर्धेत ४५ किलो वजनी गटाचे सुवर्णपदक जिंकले. स्नॅचमध्ये ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८३, असे एकूण १५३ किलो. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. अशा स्पर्धेत मंचावर नाव पुकारल्यावर उचल सुरू करायला साधारणपणे एकच मिनिट मिळते. त्या एका मिनिटासाठी मागच्या वॉर्म-अपच्या जागेत प्रशिक्षक बराच वेळ हिशेब मांडत असतो. आपल्या खेळाडूआधी मंचावर किती प्रयत्न उरले आहेत ते मोजायचे आणि त्या बेताने तिला हलक्या वजनापासून चढवत न्यायचे. मध्येच प्रतिस्पर्ध्यांनी आपले आकडे बदलले आणि जास्त वेळ थांबावे लागले, तर अंग निवू नये म्हणून आणखी एखादी उचल करून घ्यायची. एकेका किलोवर पदक ठरते अशा ठिकाणी फुकटची दमणूक कोणी पत्करत नाही. तरीही हलक्या उचली तिथे कोणी वगळत नाही, यातच त्यांचे मोल दिसते.

आता पाळ्यांचा प्रश्न. पहिल्या पाळीला जाण्यापूर्वी पहाटे व्यायाम करणाऱ्याला सर्वाधिक धोका कमरेचा असतो. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा किंचित जास्त भरते ती याचमुळे. फुगलेल्या चकतीवर पुढे वाकताना येणारा ताण दिवसाच्या इतर वेळेपेक्षा बराच जास्त असतो, आणि उठल्यानंतरच्या पहिल्या तासात हे फुगलेपण झपाट्याने उतरते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टोव्हर स्नूक यांच्या चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना सकाळच्या पहिल्या काही तासांत वाकणे टाळायला शिकवले, तेव्हा त्यांचे दुखण्याचे दिवस कमी झाले. तेव्हा साडेचारला उठून पाचला डेडलिफ्टला हात घालणे शहाणपणाचे नाही. पहाटे छाती, खांदे आणि पाय यांचे व्यायाम आधी घ्यावेत, डेडलिफ्ट सुट्टीच्या दिवशी किंवा दुपारी ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत पारा १०-१२ अंशांवर उतरतो, तेव्हा हलके सेटही एक-दोनने वाढवावेत. रात्रपाळीहून येणाऱ्याची अडचण वेगळी आहे. शरीराचे तापमान पहाटे सर्वांत खाली असते, ताकदही दिवसाच्या उत्तरार्धापेक्षा कमी भरते, त्यात झोपेची थकबाकी. त्या दिवशी वॉर्म-अप लांबवून नेहमीपेक्षा कमी वजनावर थांबणे हेच योग्य. पाळी बदलली की वेळापत्रकाबरोबर वजनाचा आकडाही बदलायला हवा.

दुपारी पाळी सुटल्यावर येणारे म्हणतात की आम्ही आठ तास राबूनच आलो आहोत, आमचे अंग तापलेलेच आहे. हा आक्षेप वरवर पटण्यासारखा आहे. पण असेंब्ली लाइनवर दिवसभर हात वर धरून नटरनर चालवणाऱ्याचे खांदे थकलेले असतात, आणि थकवा म्हणजे तयारी नव्हे. एकाच कोनातल्या हजारो हालचालींनी काही स्नायू दमतात आणि बाकीचे दिवसभर हललेलेही नसतात. त्यात बसमधला तासभर बसून काढल्यावर उरलीसुरली ऊबही जाते. एप्रिल-मेच्या उकाड्यात अंगातून घाम निथळतो, म्हणून खुब्याचा सांधा खोल बैठकीला तयार झाला असे होत नाही. अशा माणसाला पाच मिनिटांचे चालणे वगळता येईल. हलके सेट मात्र वगळता येणार नाहीत, कारण कामाने नेमके काय दमवले आहे हे त्याला तिथेच कळते. जुने पैलवान कुठे वॉर्म-अप करत होते, असेही ऐकू येते. तालमीची रीत त्याला उत्तर देते. हौद्यातली माती फावड्याने उकरायची, जोर-बैठका काढायच्या आणि मग जोड धरायची, हा क्रम वस्तादांनी पिढ्यान्‌पिढ्या लावून दिला. त्याला इंग्रजी नाव नव्हते, पण थंड अंगाने कोणी मातीत उतरत नव्हते.

सर्वांत गंभीर आक्षेप पुराव्याचा आहे आणि त्याला प्रामाणिकपणे सामोरे जायला हवे. वॉर्म-अपने दुखापती कमी होतात हे दाखवणाऱ्या उत्तम चाचण्या मुख्यतः मैदानी खेळांतल्या आहेत. नॉर्वेत १,८९२ किशोरवयीन फुटबॉलपटू मुलींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, धावणे, ताकद आणि तोल यांचा समावेश असलेल्या वीस मिनिटांच्या ठरीव वॉर्म-अपने एकूण दुखापतींचा धोका सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापतींचा जवळपास निम्म्याने घटला. वजनाच्या व्यायामावर त्या तोडीची चाचणी झालेली नाही. शिवाय अमेरिकेत १९९० ते २००७ या काळात वजनाच्या व्यायामातल्या दुखापतींसाठी आपत्कालीन विभागात आलेल्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सर्वाधिक प्रकरणे अंगावर वजन पडण्याची निघाली. तिथे तापलेला स्नायू काय करणार? आणि सांगलीचा भारोत्तोलक संकेत सरगर याला २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत कोपराची दुखापत झाली, ती क्लीन अँड जर्कची पहिली उचल यशस्वी झाल्यानंतर, १३९ किलोच्या दुसऱ्या प्रयत्नात. एका किलोच्या फरकाने त्याचे सुवर्ण हुकले. अंग पुरते तापलेल्या कसलेल्या खेळाडूलाही दुखापत होते, हे यातून स्पष्ट दिसते.

हे सगळे मान्य करूनही माझा निष्कर्ष बदलत नाही. वॉर्म-अप हमी देत नाही, तो शक्यता कमी करतो. नॉर्वेतल्या प्रयोगाला यश आले ते खेळात लागणाऱ्या हालचाली आधी नियंत्रणात करून घेतल्यामुळे, आणि चढत्या सेटमध्ये आपण हेच करतो. वजन अंगावर पडण्याचे म्हणाल, तर पकड निसटणे, तोल जाणे आणि वजनाचा अंदाज चुकणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. यांतल्या बऱ्याच चुका हलक्या वजनालाच उघड्या पडतात. शिवाय चढत्या सेटचा खर्च नगण्य आहे आणि कामगिरीत त्यांचा फायदा हमखास मिळतो. दुखापतीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी तापलेल्या स्नायूने जास्त वजन उचलले जाते, एवढे कारण पुरेसे आहे.

वेळेचा हिशेबही करून पाहू. आठवड्यात चार दिवस, दर दिवशी दहा मिनिटे, म्हणजे चाळीस मिनिटे. समोर काय आहे? कमरेत उसण भरली तर दोन-तीन आठवडे जातात, खांद्याचा कंडरा दुखावला तर महिने. नोकरीवर परिणाम होतो तो वेगळाच. जिममधली दुखापत कामावरची दुखापत धरली जात नाही. त्यामुळे ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, संरक्षण असलेल्या कामगारालाही कामावरच्या दुखापतीसाठी मिळणारा ९० टक्क्यांचा लाभ मिळत नाही. आजारपणाचा ७० टक्क्यांचा लाभ मिळतो आणि तोही वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. ॲप्रेंटिस कायद्याखाली शिकणाऱ्या मुलांना तर ईएसआय लागूच होत नाही. कंत्राटावरचा तरुण आठवडाभर गेटवर दिसला नाही की त्याच्या जागी दुसरा उभा राहायला वेळ लागत नाही. ज्याचे पोट त्याच्या कमरेवर आणि खांद्यांवर चालते, त्याला थंड अंगाने वजन उचलणे सर्वांत महाग पडते.

संध्याकाळी रॅकसमोर रांग असते, तिथे हलके सेट करायला जागा कोण देणार, ही अडचण मात्र खरी आहे आणि ती एकट्या सभासदाने सुटणारी नाही. जिमचालकांनी गर्दीच्या वेळेला एक रॉड फक्त हलक्या सेटसाठी मोकळा ठेवावा आणि अडीच-पाच किलोच्या प्लेट पुरेशा ठेवाव्यात. दोन-तिघांनी एकाच रॅकवर आळीपाळीने चढते सेट करण्याची सवय ट्रेनरने लावावी. यात एकाच्या सेटमध्ये दुसऱ्याची विश्रांती होते आणि वेळही वाचतो. नव्या मुलाला पहिल्या दिवशी किती वजन उचलतोस हे विचारण्याआधी, कोणत्या पाळीहून आलास आणि किती झोपलास, हे विचारावे. त्या दोन उत्तरांवरून आजचा वॉर्म-अप आणि आजचे वजन दोन्ही ठरवता येते. हे काम ट्रेनरचे आहे, आणि सभासदाने ते त्याच्याकडून मागून घ्यावे.