डासाला विशेषण कळत नाही

पावसाळा सरत आला की आपल्याकडे दोन गोष्टींचा सुकाळ होतो : डासांचा आणि डासांवरील उपायांचा. कोणी कडुनिंबाचे तेल चोळायला सांगतो, कोणी गवती चहाचा रस, तर कोणी तुळशीचा पाला चुरगळून हातापायांना लावतो. दुकानात जावे तर सिट्रोनेला तेलाची बाटली पुढे येते. तिच्यावर एक हिरवे पान असते आणि खाली ग्वाही असते : ‘शंभर टक्के नैसर्गिक’. हा एक शब्द वाचला की आपली चौकस बुद्धी मुकाट्याने मान तुकवते. प्रस्तुत लेखाचा रोख कडुनिंबावर नाही, तुळशीवर तर नाहीच नाही. तो या शब्दावर आहे.

निसर्गाचे ते निरुपद्रवी, हे समीकरण कोणी मांडले? बिब्बा नैसर्गिकच आहे. तो अंगावर उतला म्हणजे काय होते, हे खेड्यातल्या कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाला विचारावे. धोतऱ्याचे बीही निसर्गाचेच देणे. लिंबाचा रस चोळून उन्हात हिंडले तर कातडी पोळते आणि काळे डाग पडतात. फार काय, डास आणि त्याने आणलेला हिवताप, हेही नैसर्गिकच की! ‘नैसर्गिक’ हे विशेषण वस्तूचे मूळ सांगते, तिचा गुण सांगत नाही. भाषा आणि तर्क यांचा अभ्यास करणाऱ्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला हा फरक कळू नये काय?

शब्दावर विसंबण्याचा प्रमाद जुनाच आहे. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ ‘वाईट हवा’. दलदलीवरच्या कुबट हवेने ताप येतो, असे लोक शतकानुशतके मानीत आले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात या रोगाचे जंतू पाहिले, तेव्हा कुठे हवेची निर्दोष सुटका झाली. शब्द मात्र अजून तोच आहे!

मग अंगाला लावायच्या उपायांची कसोटी कोणती? प्रश्न सोपा आहे : कोणत्या डासापासून, आणि किती वेळ? २००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्वयंसेवकांनी निरनिराळी द्रव्ये लावून आपले हात डासांच्या पिंजऱ्यात घातले आणि पहिला चावा किती वेळाने बसतो ते मोजले. सुमारे २४ टक्के ‘डीट’ हे रासायनिक द्रव्य असलेल्या औषधाने सरासरी पाच तास संरक्षण दिले. सोयाबीनचे तेल असलेले एक औषध सुमारे दीड तास टिकले. सिट्रोनेलाची औषधे वीस मिनिटेही टिकली नाहीत. म्हणजे महाविद्यालयातला एक तासही त्यांच्या आधाराने निर्धास्त बसून काढता यायचा नाही!

यावर कोणी म्हणेल, ‘म्हणजे आमच्या आजीचे शहाणपण खोटे?’ तसे मुळीच नाही. १९९३ साली भारतीय शास्त्रज्ञांनी खोबरेल तेलात २ टक्के कडुनिंबाचे तेल मिसळून माणसांच्या अंगाला लावून पाहिले. हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलिस जातीच्या डासांपासून रात्रभर, सुमारे बारा तास, संरक्षण मिळाल्याचे त्यांनी नोंदवले. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून तयार केलेले द्रव्यही आज जगभर मान्यता पावले आहे; मात्र तीन वर्षांखालील मुलांना ते लावू नये, अशी सूचना असते. वनस्पतींत सामर्थ्य आहे, हे खरेच. पण ते मान्य झाले ते मोजल्यावर. चीनमधल्या तू यूयू यांनी सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथातील एका वनस्पतीचा धागा पकडला, प्रयोग केले आणि हिवतापावरचे आर्टेमिसिनिन हे औषध शोधून काढले. त्यासाठी २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी जुन्या ग्रंथाला नुसता नमस्कार केला नाही, त्याची परीक्षा घेतली. परंपरेचा याहून मोठा आदर कोणता?

हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. आपल्या आजीचा उपाय संध्याकाळचा होता, कारण तिचा शत्रू रात्री येणारा होता. आज शहरात आणि खेड्यातही ठाण मांडून बसलेला डेंग्यूचा डास, एडिस, दिवसा चावतो : सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी अधिक. रात्री निजताना तेल चोळून त्याच्यापासून सुटका होणार नाही. डेंग्यूचा विषाणू मारणारे खास औषध आजही उपलब्ध नाही. अशा वेळी ‘मी नैसर्गिक तेल लावले आहे’ हा खोटा दिलासा डासाच्या चाव्याइतकाच घातक ठरतो.

शिवाय हा डास गटारात नव्हे, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. टाकी, पिंप, कूलर, जुने टायर, अंगणातल्या करवंट्या, कुंडीखालची ताटली ही त्याची माहेरघरे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळावा असे सांगतात. अंगाला लावलेले तेल, ते कोणतेही असो, फार तर एका माणसाला काही तास वाचवते. पालथी केलेली ताटली सबंध आळीला वाचवते.

तेव्हा मित्रांनो, तेल जरूर लावा. आवडत असेल तर कडुनिंबाचेच लावा. पण आधी दंडावर थोडेसे लावून पाहा, घड्याळाकडे लक्ष ठेवा, आणि बाटलीवरच्या हिरव्या पानापेक्षा त्याखालची बारीक अक्षरे वाचा. वाचायला शिकणे हेच तर आपल्या शाखेचे काम आहे. डासाला विशेषण कळत नाही. आपल्याला तरी कळायला हवे.